झुंबरबाईंची किडनी

दीपमालाने समजावलेला पेशंट गोळी चुकवत नाही! वडीगोद्रीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात बसून स्वतःबद्दलचं हे वाक्य मी येईल त्याला ऐकवत असे. तातेराव भेटेपर्यंत.

तातेरावांना त्यांच्या बायकोने, म्हणजे झुंबरबाईंनी, आपली एक किडनी दिली होती. ऑपरेशन झकास झालं. तातेराव ठणठणीत झाले आणि ठणठणीत झाल्यामुळे गोळ्या विसरू लागले. सकाळची गोळी दुपारी, संध्याकाळची आठवली तर.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. "काका, या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. वेळच्या वेळी."

"आता कशाला? सगळं बराबर चालू हाय की."

"किडनी काकूंची आहे. तुमच्या शरीराला ती परकी वाटते. शरीर तिच्याशी भांडतं, तिला हाकलून द्यायला बघतं. म्हणून गोळ्या."

तातेराव गंभीर झाले. "इतकं नीट आजवर कुणी न्हाई सांगितलं, ताई."

दिवसभर मी स्वतःवरच खूश होते.

आठवडाभराने झुंबरबाई आल्या. त्यांची म्हैस मीच सोडून दिल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय सांगितलं तुम्ही ह्यांना? माझ्याशी भांडतच न्हाईत. भाजी अळणी झाली तरी लई चांगली म्हणून राह्यलेत. काल माझ्या भावाला स्वतःहून फोन केला. मला तर भ्याव वाटून राह्यलंय."

"आणि गोळ्या?"

"त्या बंद केल्या. म्हणतात, किडनी तुझी हाय, तुझ्याशी भांडलो न्हाई तर ती कशाला जाईल?"

मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तातेरावांना लगोलग मोठ्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट बिघडलेले होते. ते घरी परत येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. किडनी थोडक्यात वाचली.

ते आले तसं मी पुन्हा स्टूल पुढे केलं. या वेळी भांडणाचं नावही काढायचं नाही असं ठरवलं होतं.

"काका, शरीरात पहारेकरी असतात. ते नव्या किडनीला चोर समजतात. गोळी त्या पहारेकऱ्यांना आवरते, जरा गुंगीत ठेवते."

"म्हणजे झोपेची गोळी हाय ही?"

"नाही हो काका."

"मंग ट्रॅक्टर कोण चालवणार? मला न्हाई पाहिजे."

शेजारच्या बाकावर औषधासाठी थांबलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. "तातेरावाला देऊन राह्यल्या, ती झोपेची गोळी मलाबी द्या."

मी कपाळावर हात मारला. झुंबरबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या. "सरका ताई," म्हणाल्या. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"घेता का? न्हाईतर माझी मला वापस द्या."

तातेरावांनी गोळी गिळली. तेव्हापासून एकही चुकवलेली नाही. पुढचे रिपोर्ट चांगले आले. ते सांगायला ते पेढे घेऊन दुकानात आले तेव्हा मलाही भरून आलं.

परवा एक अनोळखी बाई काउंटरशी आल्या. त्यांच्या नवऱ्याला बीपीच्या गोळ्यांचा कंटाळा होता. मी स्टूल पुढे केलं, घसा खाकरला.

"तुम्ही नका त्रास घेऊ," त्या म्हणाल्या. "गोळ्या चालू करून देणाऱ्या झुंबरबाई कधी येतात, तेवढं सांगा."