डॉक्टरीणबाईंच्या कोटावरचा डाव

"अगं, हे काय करून ठेवलंस!" शिंपीमास्तर ओरडले.

कटिंगच्या टेबलावर राखाडी कापड पडलं होतं. त्यातून एक लांबलचक वाकडा बाण आणि पाच गोल चकत्या अगदी सफाईनं कापून बाजूला ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं कापड ते!

"तुम्ही आखलं, मी कापलं," बायको कात्री पुसत म्हणाली. "बावीस वर्षं हेच चाललंय आपलं."

तेही खरंच. दुकानात मास्तरांनी खडूनं आखायचं, तिनं कापायचं, मध्ये प्रश्न नाही. पण आज मास्तरांनी आखला तो कोट नव्हताच मुळी. भिंतीवरच्या टीव्हीवर बास्केटबॉल लीगची जुनी फायनल पुन्हा दाखवत होते. शेवटचे नऊ सेकंद आले आणि मास्तरांना राहवेना. बोटांत खडू, समोर कोरं कापड. त्यांनी गडी मांडले, बाण ओढला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले. अस्तरवाल्याचा फोन, तो अर्धा तास काही संपला नाही.

त्या नऊ सेकंदांनी मास्तरांचं वाटोळं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ही मॅच त्यांनी थोरल्या भावाबरोबर, दादाबरोबर, याच दुकानात बसून बघितली. आपला संघ एका गुणानं पुढे. समोरचा चपळ गडी, ज्याला हे दोघे भिंगरी म्हणत, चेंडू घेऊन निघाला. त्यांचा सात फुटी लंबू भिंगरीला धरणाऱ्या आपल्या बुटक्या गड्याच्या वाटेत आडवा उभा राहिला. झालं, कोणी कोणाला धरायचं याची आपल्या गड्यांनी अदलाबदल केली. लंबूला धरणारा आपला उंच गडी भिंगरीकडे धावला आणि बुटका लंबूच्या वाट्याला आला. भिंगरीनं चेंडू लंबूकडे दिला, लंबूनं तो बुटक्याच्या डोक्यावरून बास्केटमध्ये टाकला नि खेळ खल्लास.

"अदलाबदल करायलाच नको होती!" मास्तर म्हणाले होते.

"मग काय भिंगरीला मोकळा सोडायचा?" दादा कडाडला होता.

तिथून गाडी "तुला खेळातलं ओ की ठो कळत नाही"वर आली, आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

तेव्हापासून मास्तर एकटेच मॅच बघत. कोणी कोणाला धरलं, कोण कुठे फसला, हे सगळं ते कोट चढवायच्या पुतळ्याला समजावून सांगत. पुतळा कधी वाद घालत नसे, आणि तेच त्यांना सोसत नसे. दादाच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून जीव तुटायचा. "गप रे, आता बघ!" हे दादाचं खेकसणं ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

"उद्या डॉक्टरीणबाई कोट घालून बघायला येणार," बायकोनं आठवण करून दिली. "आणि हे कापड एकाच दुकानात मिळतं."

"माहितीये मला!" ते दुकान दादाचं होतं.

मास्तरांनी आधी चकत्या परत शिवून बघितल्या. कोटाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. शेवटी त्यांनी आवाज घोगरा करून फोन लावला.

"राखाडी सूटिंग आहे का? एक गिऱ्हाईक बोलतोय."

पलीकडून दादाचा आवाज आला. "आहे. नमुना घेऊन या." मग हळूच, "घसा बसलाय वाटतं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

"ओळखलं त्यानं," मास्तर म्हणाले.

"मग जा आता," म्हणत बायकोनं शिवण उसवून कापड, बाण आणि चकत्या पिशवीत भरून दिल्या.

दादाच्या दारातून मास्तर दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा आत शिरले. काउंटरमागे दादा उभा होता, केस पार पांढरे. मास्तरांना गलबलून आलं. हे केस पिकत होते तेव्हा आपण कुठे होतो?

"नमुना," एवढंच ते म्हणाले.

दादानं चष्मा लावला, कापड पसरलं आणि बाण नि चकत्या एकेक करून आपापल्या भोकांत मांडल्या. "ही भिंगरी. हा लंबू. हा बुटका, हा उंच. आणि हा कोपऱ्यातला कोण?"

"आपलाच आहे. त्याचं काही काम नाही."

"अरे, हा बाण उंचाकडून भिंगरीकडे, म्हणजे अदलाबदल दाखवलीयस! हे तर माझं म्हणणं."

"शंभरदा बघितली मॅच," मास्तर खाली बघत म्हणाले. "तूच बरोबर होतास, दादा."

"छे रे. शंभरदा मीही बघितली. चुकलो मीच. बुटक्यानं भिंगरीला सोडायलाच नको होतं."

"असं कसं? मोकळा सुटला असता तो!"

"सुटू दे की! मागून गाठला असता."

"नऊ सेकंदांत? दादा, तुला खेळातलं ओ की ठो..."

मास्तरांनी जीभ चावली. मग दादानं पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बस. आणि नीट आखून दाखव." घाईघाईनं त्यानं ताग्यातून अडीच मीटर कापड फाडलं आणि खडू पुढे केला.

तासाभरानं बायको आली तेव्हा दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होते आणि नव्या कापडातून दोन बाण कापूनही झाले होते.

"अरे देवा, हेही कापड गेलं!" मास्तर भानावर आले. "डॉक्टरीणबाईंना काय सांगू?"

"त्यांचं कापड खडू झटकून कपाटात ठेवलंय. तुमचं चित्र मी त्याच कापडाच्या, गेल्या महिन्यात उरलेल्या तुकड्यावर उतरवलं आणि तो कापला."

"म्हणजे मुद्दाम?"

"बावीस वर्षं कात्री चालवतेय. बाही कुठली नि बास्केटबॉल कुठला, एवढं कळतं मला. त्या पुतळ्याशी तुमचं बोलणं ऐकवत नव्हतं हो."

दादानं डोळे पुसले न पुसले आणि लगेच विचारलं, "धाकटे, तूच सांग. अदलाबदल करायची की नाही?"

तिनं कापडाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पाचव्या गोलावर बोट ठेवलं. "ते राहू द्या, भाऊजी. दोघांचं एवढं फाटलेलं दिसत असताना मध्ये पडायला या रिकाम्या गड्याला काय धाड भरली होती?"

दोघे भाऊ आ वासून त्या गोलाकडे बघत राहिले. दोन वर्षांत तो गडी त्यांना दिसलाच नव्हता.