जबड्याच्या सांध्याची साक्ष

राज्य बदलले की माणसांची तोंडे उघडतात, आणि ती पूर्वीपासूनच उघडी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर येऊन पडते. हैदराबादेत ही जबाबदारी सन १९४९ च्या जानेवारीत तलाव-मोजणी खात्याने सर्वांआधी ओळखली, याबद्दल खात्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच.

कारणही तसेच होते. भारताची फौज येण्याआधीच्या तेरा महिन्यांत खात्याच्या एकशे त्रेचाळीस नोकरांपैकी जुलमाविरुद्ध तोंड उघडणारा इसम एक होता. फौज आल्यावर चार महिन्यांत "आम्ही त्या काळी निर्भयपणे बोललो" असे लेखी कळवणारे एकशे बेचाळीस झाले. (उरलेला एक तो आधीचाच. सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणून त्याने अर्ज केला नव्हता. अशा लोकांमुळेच सरकारी कामे अडतात.)

तपासासाठी समिती नेमली गेली. अध्यक्षपदी हिम्मतराव, खात्याचे मुंतजिम, म्हणजे सगळा कारभार पाहणारे. मागच्या उन्हाळ्यात "अखेरच्या श्वासापर्यंत जुन्या सरकारशी इमान राखू" हा कागद टेबलोटेबली फिरवून त्यांनीच सगळ्यांच्या स्वखुशीच्या सह्या घेतल्या होत्या. कामाला अनुभवी माणूस हवाच होता.

हिम्मतरावांनी मुद्दा शास्त्रावर आणला. बोलले म्हणजे जबडा हलला. हलला म्हणजे कानापुढचा सांधा झिजला. झिजला म्हणजे एक्स-रेत दिसणार. दाराची बिजागरी झिजलेली असेल तर दार उघडले जात होते, हे शेंबडे पोरही सांगेल. तेव्हा झीज भरपूर असल्यास अव्वल दर्जा व बढती, बेताची असल्यास नोकरी कायम, आणि झीज नसल्यास मौन सिद्ध, घरी जावे.

प्रत्येकाचे दोन फोटो निघायचे, एक तोंड मिटून आणि एक उघडून. पहिल्या दिवशी यंत्रावरचा माणूस "मिटा" म्हणायला विसरला, त्यामुळे तिघे जण जेवणाच्या सुट्टीपर्यंत आ वासून बसले. हुकूम पाळण्याची खात्याची परंपरा राज्य बदलले तरी खंडित झाली नव्हती.

नल्लकुंटा मोहल्ल्यातले भगवंतराव कारकून मात्र धास्तावले होते. त्या तेरा महिन्यांत आपले तोंड पानाच्या विड्यापलीकडे उघडले नव्हते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? अर्ज त्यांनीही केला होता. सगळ्यांनी केला, आपण एकट्यानेच कसा नाही करायचा? पदरात दोन मुली, त्यात एक लग्नाची.

निकाल आला तो अव्वल दर्जाचा. खात्यात सर्वांत जास्त झीज भगवंतरावांची होती.

डॉक्टर प्रतापरावांनी फिल्म खिडकीशी धरली आणि त्यांना बाजूला घेतले. "हा सांधा बोलून झिजला नाही, भगवंतराव. दात आवळून आवळून झिजलाय. किती दिवस दुखायलाय?"

"मागच्या उन्हाळ्यापासून," भगवंतराव म्हणाले.

"तेव्हापासून काहीतरी गिळायलात तुम्ही. आता मऊ भात खा, आणि पंधरा दिवस तोंड फार उघडू नका." तशी चिठ्ठी त्यांनी लिहून दिली.

भगवंतरावांना तो दिवस लख्ख आठवत होता. शेजारच्या टेबलावर एकनाथराव होते. इमानाचा कागद पुढे आला तसे ते म्हणाले, "नक्को. ह्याच्यावर मी सही करत नाही." बस्स, एवढेच. आवाजही चढवला नव्हता. त्यापायी नोकरी गेली आणि चार महिने तुरुंग झाला. कागदावर त्यांची सही पडली नाही, म्हणून भगवंतरावांची सही एक ओळ वर सरकली.

आता परत कामावर घेण्यासाठी एकनाथरावांचीही तपासणी झाली. त्यांचा सांधा बारा वर्षांच्या मुलाचा असावा तसा गुळगुळीत निघाला. एका वाक्याने हाड झिजत नाही, आणि तुरुंगात त्यांना एकट्यालाच कोंडले होते. मौन सिद्ध झाले. (फाइलीत नाडी ओवायला पाडलेले भोक फिल्मवर नेमके सांध्यातूनच गेले, त्यामुळे फेरतपासणीचा प्रश्न उरला नाही.)

तरी समितीने त्यांना सुनावणी दिली, तीही सगळ्या खात्यासमोर. न्याय तो न्याय.

"एकनाथराव, फिल्म काय म्हणायलीय ते दिसायलंय ना जी?" हिम्मतराव म्हणाले. "तुम्ही बोललात म्हणता. ऐकलं कुणी?"

"तुम्हीच ऐकलं की. कागद तुमच्या हातात होता."

"अध्यक्षाला साक्ष देता येत नाही. कायदा आहे. दुसरं कोणी?"

"भगवंतराव शेजारीच होते."

सगळ्यांनी भगवंतरावांकडे पाहिले. 'ऐकलं' हा एकच शब्द हवा होता. तो त्यांच्या जिभेवर आलाही. पण त्या शब्दामागून दुसरा प्रश्न येणार होता: मग तुम्ही काय केलंत? आणि अव्वल दर्जा, बढती, मुलीचे लग्न, सगळे त्या प्रश्नाच्या तोंडी जाणार होते. भगवंतरावांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्यांनी गालाला हात लावला आणि खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून पुढे ठेवली.

हिम्मतरावांनी ती मोठ्याने वाचली आणि नोंद सांगितली: "साक्षीदार प्रकृतीच्या कारणाने बोलू शकले नाहीत. समितीस त्यांच्याविषयी सहानुभूती आहे."

एकनाथरावांनी टोपी सारखी केली. जाता जाता ते भगवंतरावांपाशी थांबले. "जबडा जपा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच भगवंतरावांना फार लागले.

बढतीचा हुकूम शुक्रवारी निघाला. घरी पत्नी इंदुमतीबाईंनी मऊ भातावर तूप वाढले आणि विचारले, "एकनाथभाऊजींचं काय झालं हो?" भगवंतरावांनी गालाकडे बोट दाखवले. बाईंनी आणखी थोडे तूप वाढले.

वाचकहो, त्या खोलीत तुम्ही असता तर नक्की बोलला असता, याबद्दल समितीच्या मनात शंका नाही. खात्यातल्या एकशे बेचाळीस जणांचेही स्वतःविषयी हेच मत होते. तरीपण एकदा कानापुढे बोट ठेवून सावकाश तोंड उघडून पाहा. कट्ट असा आवाज आला तर घाबरू नका. तुमचा दर्जा अव्वल आहे. तो कोणाच्या वेळी दात आवळून मिळवलात, हे समिती विचारणार नाही.