दामूभाऊंची आजारी फटफटी

दामूभाऊ आपली फटफटी दाव्यानं बांधायचे. साखळी नव्हे, कुलूप नव्हे. गाय बांधतात तसलं दावं, पुढच्या चाकातून ओवून कडुनिंबाच्या बुंध्याला. गाठसुद्धा गुरांचीच, मोकळं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटणारी. ही गाठ चोरालाही सोडता येईल, असं मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं.

"चोरासाठी कोन बांधून राह्यलं बे?" ते म्हणाले. "जनावर मोकळं उभं ठेवाचं असते का कुठी?"

जळगाव जामोदला मी पंचायत समितीत नवा कारकून होतो. समित्याही तेव्हा नव्याच होत्या. खुर्च्यांचा रंग अजून पँटीला लागत होता. दामूभाऊ गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. माणूस पन्नाशीच्या पुढचा, एकटा. लग्न झालं होतं, राहिलं होतं, की मोडलं होतं, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आणि विचारायचा माझा स्वभाव नव्हता.

फटफटी त्यांनी एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. पण तिची प्रकृती ते स्वतः पाहायचे. सकाळी उठले की आधी टाकीवर तळवा. थंडीत चालू झाली नाही, तर "हिव भरलं तिले." धूर जास्त आला, तर "कुठलं पेट्रोल पाजलं काय मालूम, पचलं नाही." कार्बोरेटर साफ केला की संध्याकाळी मला भिंतीपलीकडून बातमी मिळायची, "जुलाब देल्ला. आता हलकी वाटून राह्यली." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात, तसं ते तिचं हँडल शेकायचे. अख्खी गल्ली हसायची. मीही हसायचो, फक्त दार लावून.

पण डोंगराखालच्या खेड्यात कुणाची गाय अडली, की हेच हसणारे लोक त्यांच्या दारात उभे. आणि दामूभाऊ दावं सोडून निघालेले असायचे.

फटफटी दुखावली बाजाराच्या दिवशी. बैलबाजारात त्या दिवशी सावलीचं एकही झाड मोकळं नव्हतं. दामूभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं आणि सावलीत सोडलेल्या एका बैलगाडीच्या मागच्या दांडीला फटफटी बांधली. बैल खाली रवंथ करत बसले होते. इतक्यात कुठली निघते गाडी, असं म्हणून ते एक लंगडा गोऱ्हा बघायला गेले.

गाडी होती महादूबुढ्याची. डोंगराखालच्या एका खेड्यातला शेतकरी, कानानं पार बहिरा. त्यानं बाजारात वासरू घेतलं होतं आणि "गाडीच्या मांगं बांध" म्हणून जावयाला सांगितलं होतं. जावई वासरासकट चहाच्या हॉटेलासमोर गप्पा मारत उभा होता. महादूबुढा आला, पुढून वाकून पाहिलं, दांडीला दावं दिसलं. त्यानं बैल जुंपले आणि निघाला.

बाजारभर आरडाओरडा झाला. बुढ्याला वाटलं, सौदा चांगला झाला म्हणून लोक ओरडताहेत. त्यानं हात उंचावून सगळ्यांना रामराम घातला.

"मांगून ओढ लागली," तो नंतर सांगायचा. "मले वाटलं वासरू अडून राह्यलं. म्हून बैलाईले अजून हानलं बाप्पा!"

नाल्याच्या चढावर गाडी अडली तेव्हा कुठे त्यानं मागे वळून पाहिलं. तोवर दिवा फुटला होता, टाकी चेपली होती आणि हँडलचं एक टोक म्हशीच्या शिंगासारखं वळलं होतं. दामूभाऊ धापा टाकत पोचले, धुळीत बसले आणि तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणाले, "हाड मोडलं."

खामगावच्या मिस्त्रीनं सांगितलेला खर्च दामूभाऊंच्या पगाराला झेपणारा नव्हता. मात्र त्यांनी तिचा पूर्ण विमा उतरवला होता. विमा मिळाला तर फटफटी उभी राहणार, नाहीतर कडुनिंबाखालीच गंजणार, इतका साधा प्रश्न होता.

अर्ज मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. विम्याच्या एजंटानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांनी स्वतः बांधली असं लिहाल तर काही मिळायचं नाही. गाडीवाल्यानं बांधली म्हणा." मी लिहिलं, 'सदर बैलगाडीवाल्याने वाहन परस्पर आपल्या गाडीस बांधून फरफटत नेले.' वाक्य मला आवडलंही होतं. दामूभाऊंनी न वाचता सही केली. "तू लिहिलं म्हंजे बरोबरच असन," म्हणाले.

विमा कंपनीचे साहेब अकोल्याहून आले. महादूबुढ्याला पोलीस पाटलामार्फत बोलावणं गेलं होतं. तो फेटा हातात धरून दवाखान्याच्या ओसरीत उभा राहिला. साहेबांनी माझं वाक्य त्याच्या कानाशी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "नुकसानभरपाई तुमच्याकडून वसूल होईल. गाडी, बैल, काय असेल त्यातून."

बुढ्याला 'बैल' एवढाच शब्द नीट ऐकू आला असावा. त्यानं हात जोडले. "तुमी म्हनान तसं जी. म्याच बांधली असन. पन बैल नोका नेऊ."

दामूभाऊ उठले. "थांबा जी. म्या बांधली. माह्या हातानं."

"मग हे काय लिहिलंय?"

ओसरीत सगळे माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. दामूभाऊसुद्धा नाही.

"लिवनाऱ्याची चूक नाही," ते म्हणाले. "म्याच त्याले बराबर सांगतलं नाही."

मी तिथेच होतो, खांबाला टेकून. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी छपराचे पत्रे बघत राहिलो. पुढे बदल्या झाल्या, बढती झाली, केस पांढरे झाले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज इथे लिहितो आहे.

"विमा मिळणार नाही, कळतंय ना?" साहेब कागद आवरत म्हणाले.

"कळते ना जी." आणि लगेच बुढ्याच्या कानाशी वाकून, "मामा, बाजारात पाह्यलं म्या, तुमच्या त्या वासराचं पोट लय सुटलं हो. जंत हायेत त्याले. आनजा इकडं."

त्यानंतर फटफटी पोत्याखाली झाकून पडली. गावातल्या लोहारानं हँडल सरळ केलं. बाकीचं जमेल तसं, एकेक करत. आणि दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी महादूबुढ्याची गाडी दारात उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. "कोन्या गावी जाचं हाय जी?" म्हणाला. मग तो येतच राहिला. दामूभाऊ, जे माणसांपेक्षा टाकीशी जास्त बोलायचे, ते आता गाडीत बसल्या बसल्या ओरडून बोलायला लागले. बहिऱ्याशी दुसरं कसं बोलणार? कुणाची गाय व्याली, बुढ्याच्या म्हातारीनं ठेच्यात तेल किती घातलं, नातीचं नाव काय ठेवावं, सगळं गल्लीला ऐकू यायचं. संध्याकाळी ते बुढ्याकडेच जेवून परतायचे.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी मी त्यांना फटफटीवर पाहिलं. पहिल्या लाथेत चालू झाली. नाल्यापर्यंत जाऊन, वळून, ते झोकात परत आले आणि त्यांनी पोतं पुन्हा तिच्यावर ओढलं.

दुसऱ्या सकाळी मी दात घासत दारात उभा असताना बैलगाडी आली. बुढ्यानं पोत्याकडे बोट दाखवलं. "बरी झाली का जी तुमची फटफटी?"

दामूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चूळ भरली आणि तशीच तोंडात धरून ठेवली.

"चालू तं होते, मामा," ते त्याच्या कानाशी ओरडले, "पन अशक्तपना लय हाय अजून!"

"नोको, नोको, दामटू नोका तिले," बुढा घाईघाईनं म्हणाला, आणि गाडीतलं गवत सारखं करत एका बाजूला सरकला. "आपली गाडी हाय ना."