पडोस्याची पुण्याई

एखादी वस्तू माणसाला द्यायची, तर ती त्याच्याजवळ आधीपासून असली पाहिजे, हे सुव्यवस्थित राज्यकारभाराचे पहिले लक्षण आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या हाती नवी वस्तू दिली तर तो ती सांभाळणार कशी? हे तत्त्व आमच्या शहरातल्या संभाषण-सुविधा कचेरीने जितक्या निष्ठेने पाळले, तितके कुणीच पाळले नसेल.

माझेच उदाहरण घ्या. नागपुरात गोळीबार चौकामागे मी भाड्याने घर घेतले, तेव्हा बैठकीत फोन होताच. म्हणजे तो माझ्याकडे होता, म्हणून मला मिळाला. एका सहीत काम झाले. सन १९७९ मध्ये आमच्या गल्लीत घरे एकतीस, फोन एक (माझा) आणि फोनसाठीचे अर्ज चौदा, अशी समाधानकारक परिस्थिती होती.

चौदावा अर्ज शालिकराम परातेचा. हा माझा शेजारी, हातमागावर लुगडी विणणारा सरळ माणूस. त्याची मुलगी लतिका भिलाईला दिलेली, आणि तिला सातवा महिना लागलेला. रविवारी तिचा ट्रंक कॉल माझ्याकडे येई. मी खिडकीतून हाक मारी, की शालिकरामची बायको रुख्माबाई पदराला हात पुसत धावत येत. आमच्या बैठकीत त्या वेळी साधारण सात माणसे असत. त्यांच्यापैकी कुणीही बोलणे ऐकत नसे. उलट रुख्माबाईंना नीट ऐकू यावे म्हणून आम्ही रेडिओ बंद करून, श्वास रोखून बसत असू.

"बरी हाय नं वं? ... मी बरी हाय. ... सासू बरी हाय नं? ... हाव. ... हाव. बरं, ठेवतो."

(सासूविषयी पलीकडून काय उत्तर आले, ते आम्हाला कधीच कळू शकले नाही. यंत्रात ही त्रुटी अजून आहे.)

एक दिवस फोन ठेवून त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "गणपतभाऊ, मले लेकीसंग एकडाव रडाचं हाय जी. तुमच्या घरी रडता येत नाही."

मला फार वाईट वाटले. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवले. (तिथूनही छान ऐकू येते.)

तरीसुद्धा शालिकरामने अर्ज केलाच. अर्जातला सातवा रकाना होता, 'अर्जदाराचा सध्याचा दूरध्वनी क्रमांक'. शालिकरामने तो कोरा ठेवला. 'रकाना कोरा ठेवू नये' असा शेरा घेऊन अर्ज परत आला. मग त्याने 'नाही' असे लिहिले. 'नाही हा क्रमांक पाच आकडी नाही' असा शेरा आला. दोन्ही शेरे बिनतोड होते. तिसऱ्या खेपेस खिडकीवरचे रुपराव बाबू कळवळले. "पी.पी. लिवा नं गा! सारे लोकं पी.पी.च लिवतात."

पी.पी. म्हणजे शेजाऱ्याचा फोन. ही अक्षरे खरी कशाची, हे कचेरीलाही ठाऊक नाही. आमच्या गल्लीत 'पडोस्याची पुण्याई' असा अर्थ लावतात, आणि माझ्याविषयीचा आदर त्यात व्यक्त होतो म्हणून मीही तो बदललेला नाही. शालिकरामने माझा नंबर लिहिला आणि पुढे कंसात पी.पी. लिहिले.

आता पडताळणी. कचेरीचा माणूस अकरा ते चारच्या दरम्यान कधीही फोन करील आणि अर्जदाराने स्वतः उचलावा, असा नियम. पहिल्या वेळी मी हाक मारली, शालिकराम मागावरून उठून अंगावरच्या सुतासकट पळत आला, तोवर फोन बंद. शेरा: 'अर्जदार अनुपस्थित.' तेव्हा त्याने माग बंद ठेवला आणि माझ्या फोनशेजारी स्टूल टाकून बसला. अकरा दिवस बसला. आमच्या घरात दाराची कडी वाजली तरी तो "हॅलो" म्हणू लागला.

बाराव्या दिवशी फोन आला. पलीकडचा आवाज दणदणीत होता, त्यामुळे ऐकण्यासाठी मला काही करावे लागले नाही.

"कोन बोलून राह्यलं?"

"मी शालिकराम पराते."

"खुद्द?"

"खुद्द जी!"

"कायच्यावरून बोलून राह्यले?"

शालिकराम गोंधळला. खोटे बोलायची त्याला सवय नाही. "फोनवरून," तो म्हणाला.

"मंग फोन हाय नं तुमच्यापाशी! दुसरा काहून पाह्यजे?"

शेरा: 'अर्जदारास सुविधा उपलब्ध. प्रकरण बंद.' म्हणजे फोन उचलला नाही तर अर्जदार अनुपस्थित, आणि उचलला तर त्याला गरज नाही. कुणावरही अन्याय होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंची इतकी काळजी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

शालिकरामने अपील केले. अपिलात नमुना बारा निघतो. तो गोपनीय असतो आणि पी.पी.च्या मालकाला येतो. त्यात एकच प्रश्न: 'आपल्या दूरध्वनीवरून अर्जदारास समाधानकारक सुविधा मिळते काय?'

मी पेन उचलले. खरे सांगतो, रुख्माबाईंचे ते वाक्य आठवले आणि हात थांबला. मग वाटले, घरोघरी फोन झाले तर मी खिडकीतून हाक कुणाला मारू? चौकापर्यंत जाताना मला जे चौदा नमस्कार मिळतात, ते काय माझ्या रूपाला? मी 'होय' लिहिले. आधीच्या तेरा अर्जांच्या वेळी नुसते 'होय' लिहिले होते. या वेळी शेजारधर्म म्हणून 'अत्यंत' हा शब्द वाढवला.

लतिकाला मुलगी झाली. मला ते रुख्माबाईंच्या आधी कळले. त्या आल्या, फोन कानाला लावला, "बरी हाय नं वं?" म्हणाल्या आणि ठेवून निघून गेल्या. घरी जाताना गल्लीत भिंतीला हात टेकून रडल्या. मी खिडकीतून पाहिले. (तिथून मात्र काहीच ऐकू आले नाही.)

वाचकहो, तुम्ही हसला असाल. पण तुमचाही अर्ज कचेरीत पडून असेलच. सातव्या रकान्यात कुणाचा नंबर लिहिला आहे, ते आठवा. माणूस भलाच असणार, वेळीअवेळी तुम्हाला हाक मारणारा. त्यालाही नमुना बारा येऊन गेला आहे. त्याने काय लिहिले, हे कचेरीला फोन करून विचारता येते.

फोन त्याच्याच घरी आहे.