मागीलदार

भागाआत्या कोणाच्याही घरात पुढच्या दाराने कधी शिरली नाही. लग्नाचं आमंत्रण असो की मयताचा निरोप, ती घराला वळसा घालणार, वईच्या, म्हणजे झाडांच्या कुंपणाच्या, फटीतून आत येणार, कमरेवर हात ठेवून उभी राहणार आणि दिसेल ते सगळं डोळ्यांनी वाचून घेणार. मगच तिचा आवाज घरात येई. आमच्या महाडकडे घराच्या पाठीमागच्या जागेला मागीलदार म्हणतात. न्हाणी, विहीर, उकिरडा आणि घरातलं जे जे खरं असतं ते तिथे असतं.

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या अंगावर फक्त एक ओला पंचा होता. मी नुकताच महाडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो होतो. सकाळी मागीलदारी अंघोळ करताना मी नाटकातलं एक पद आळवत होतो. तानेसाठी डोळे मिटले आणि उघडले, तर समोर एक ठेंगणी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई. तांब्याने माणसाची किती लाज राखली जाते याचा अंदाज मला त्या दिवशी आला. तिने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने राखेचा ढीग पाहिला, दोरीवरचे कपडे पाहिले, विहिरीच्या काठावरची भांडी पाहिली.

"भांडी लख्ख हायत," ती म्हणाली. "बायको बरी हाय. तुझा गळा नाय बरा."

आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून बाजारातला वाणी मला उधारीवर माल द्यायला लागला.

ही बाई कोण, हे मला मग हळूहळू कळत गेलं. माहेर वरंधचं, सासर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, राहायला आमच्या आळीच्या टोकाला, एकटी. ती कोणाचीच आत्या नव्हती, त्यामुळे साऱ्या आळीची होती. नवरा मुंबईला नोकरीला आहे, असं ती सांगे. कोणत्या कचेरीत, सुट्टीला कधी येणार, असं कोणी विचारलं की ती लगेच विचारणाऱ्याच्या उकिरड्याचा विषय काढी. मग तो माणूस नवऱ्याचं विसरून आपला उकिरडा सांभाळत बसे. तिच्या स्वतःच्या मागीलदाराला मात्र एरंडाची दाट वई होती आणि तिथे तोवर कोणी पाऊल टाकलेलं नव्हतं.

तिचं तत्त्व साधं होतं. "पुढली ओटी काय, सगळ्यांचीच बरी असते. खोटं बोलायला मानूस ओटीवर येतो. मागीलदारी बसून कोन खोटं बोलतो?"

तो काळच तसा होता. शाळामास्तर, कारकून, टपालवाले अशा चार पैसे मागे टाकणाऱ्या माणसांसाठी मुंबई-पुण्याहून रोज नवा फंड निघे. विम्याचा फंड, मुंजीचा फंड, लग्नाचा फंड. पाटी रंगवायला रंगारी मिळाला की फंड सुरू. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. निदान आमच्या तालुक्यापुरतं म्हणाल, तर भागाआत्या हाच कायदा होता.

एकदा ती आपले थोडे पैसे ठेवायला टपाल कचेरीत गेली आणि पोस्टमास्तरांना म्हणाली, मागीलदार दाखवा. पोस्टमास्तर कडक इस्त्रीचे गृहस्थ. पैसे आपल्याकडे नव्हे, सरकारकडे राहतात, असं त्यांनी समजावलं.

"मग सरकारचं मागीलदार कुठं हाय?"

"विलायतेत," पोस्टमास्तर चिडून म्हणाले.

आत्याने थोडा विचार केला. "लांब हाय," ती म्हणाली आणि पैसे कनवटीला लावून परत आली. पुढे पोस्टमास्तरांच्या बायकोने न्हाणीच्या पाण्यावर लावलेलं अळू तिच्या नजरेला पडलं, तेव्हा कुठे तिने सरकारवर विश्वास ठेवला.

गावातल्या एका पतपेढीच्या अध्यक्षांचं तर तिने नाकच कापलं. त्यांची जरीची पगडी, ओटीवर झुंबर. आत्या मागून जाऊन आली आणि सगळीकडे सांगत सुटली, की त्यांच्या गाईच्या बरगड्या मोजता येतात. ज्याची गाय उपाशी त्याच्या घरी माझा पैसा पोटभर कसा जेवेल? गाय म्हातारी आहे हो, असं अध्यक्ष बिचारे शपथेवर सांगत राहिले. पण त्या पावसाळ्यात त्या गाईला सरकी-पेंडीचा असा काही खुराक लागला, की पुढे तिला गोठ्याच्या दारातून बाहेर काढताना दोन माणसं लागत.

आम्ही शिकलेले लोक तिला हसायचो. आणि मुलीसाठी स्थळ आलं की आमच्याच बायका गुपचूप तिच्याकडे जायच्या, "आत्या, जरा पाचाडला जाऊन त्यांचं मागीलदार बघून येता का?"

अशा या बाईच्या गैरहजेरीत लग्नफंडाचे मॅनेजर महाडात अवतरले. होळीचा सुमार होता आणि आत्या भावाच्या आजारपणात वरंधला अडकली होती. मॅनेजरांचं नाव सांगत नाही. त्यांना नावं पुष्कळ असावीत. बाजारपेठेत त्यांनी घर भाड्याने घेतलं. ओटीवर हिरव्या कापडाचं टेबल, भिंतीवर टोले देणारं घड्याळ, आणि पायरी चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर गुलाबपाणी. माणूस तरुण, देखणा, आवाज असा की मी त्याला आमच्या नाटकात श्रीकृष्ण द्यायला निघालो होतो. योजना अशी: आज पैसे भरा, पाच वर्षांनी कन्येच्या लग्नाला दुप्पट घ्या. अर्धं गाव गुलाबपाण्याने भिजलं.

माझे शेजारी विष्णुपंत, मामलेदार कचेरीतले कारकून. तीन मुली, आणि तिन्ही एकीपेक्षा एक उंच होत चाललेल्या. वैशाखात त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि तिघींच्या नावाने सगळी रक्कम एकदम भरली. त्या पाटल्यांखेरीज त्या घरात मोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात आत्या परतली. विष्णुपंतांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मोकळे हात दाखवून तिला सगळं सांगितलं. आत्याने विष्णुपंतांना एकच विचारलं, "मागीलदार बगितलंस?"

विष्णुपंतांनी कचेरीच्या सुरात सांगितलं, की आपण करारनामा पाहिला, शिक्का पाहिला, सही पाहिली.

"मागीलदार बगितलंस?"

"नाही," विष्णुपंत म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा उतरला.

आत्या उठली. विष्णुपंतांना तिने मॅनेजरांच्या पुढच्या दाराशी पाठवलं आणि मला म्हणाली, "तू चल रे माझ्यासंगं. तुझा आवाज मोठा हाय, दुसरा काय उपेग नाय."

भर दुपार. आम्ही वळसा घालून वईतून आत शिरलो. मला काहीच वावगं दिसलं नाही. स्वच्छ, झाडलेली जागा. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून गप्प उभी राहिली.

"फाटी कुठं हायत?" ती म्हणाली.

मग मला दिसलं. म्हणजे, काय दिसत नाही ते दिसलं. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की सुकं लाकूड सोन्याच्या भावाने मिळत नाही. म्हणून वैशाख सरायच्या आत गरिबातला गरीबही चुलीची फाटी मागच्या वळचणीला रचतो आणि भिंतींना झावळ्यांची झापं बांधतो. या घरामागे एक काटकी नव्हती.

"पाच वरसांनी पैसे देनार म्हनतो," आत्या हळूच म्हणाली, "आनि चार महिन्यांची फाटी नाय भरली."

मी उभ्या आयुष्यात एवढा मोठा हिशेब एवढ्या थोड्या शब्दांत ऐकलेला नाही. तेवढ्यात वईपलीकडे आंब्याखाली उभी असलेली बैलगाडी दिसली. तिच्यात एक ट्रंक आणि टोले देणारं ते घड्याळ. दासगावच्या बंदराला जायची तयारी.

आत्या मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. पुढून विष्णुपंतांचं सभ्य खाकरणं ऐकू आलं, "आहे का कोणी घरात?" आणि त्याबरोबर मागचं दार उघडून मॅनेजर हातात बॅग घेऊन बाहेर आले. पायरीवर बाई बघून थबकले. घरून तार आली आहे, मंडळी आजारी आहेत, असं काही तरी त्या गोड आवाजात म्हणाले.

मी आरोळी ठोकायला छाती भरून घेतली. आत्याने हात वर करून मला थांबवलं.

"जा," ती त्याला म्हणाली. "मी म्हातारी, नि हा मास्तर नुस्ता आवाजाचा हाय. आमच्यानं काय तू धरवनार नायस. पन एक आयक. ह्या दारानं गेलेल्याला परत येता येत नाय. पुढल्या दारानं जा, लोकांचे पैसे लोकांच्या हातात टाक, शिव्या खा. शिव्या पावसाळ्याभरात धुऊन जातात."

त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"बायको हाय ना तुला? तिला ठावं हाय हे?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग ती दार लावून घेनार नाय," आत्या म्हणाली. "लावून घेईल तर सुटेल बिचारी. पन नाय लावनार."

हे ती रागाने म्हणाली असती तर तो तिला ओलांडून गेला असता. ती रागाने म्हणाली नाही. तो बॅग छातीशी धरून वळला आणि घरात गेला. पुढच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.

संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत त्याने ज्या शिव्या खाल्ल्या, त्यांतल्या कित्येक मी भाषा शिकवणारा माणूस असून मला नव्या होत्या. पण बॅगेत होतं ते त्याने चुकतं केलं. विष्णुपंतांची रक्कम पुरी परत आली. वहिनी पदराखाली नोटांचं पुडकं धरून घरी चालत गेल्या, एकदाही मागे वळून न बघता.

गलबला ऐन रंगात असतानाच मी आत्याला घरी पोचवायला निघालो. निघताना तिने माझा दंड धरला. वाटेत माझं नेहमीचं सुरू होतं, आत्या, तुमच्यावर नाटक लिहिलं पाहिजे, वगैरे. तिने मला मध्येच तोडलं आणि सांगितलं. तिच्या सासरच्या वाडीतले सगळे तरणे मुंबईला कामाला होते. त्यांच्या शिलकीचा फंड तिच्या नवऱ्याकडे असे, कारण माणूस शब्दाचा होता. एका वर्षी सट्ट्यात ते पैसे बुडाले. तो गावी आला, लोक ओटीवर जमले, आणि हिने आत चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात तो मागीलदारानं गेला. शेत विकून तिने सगळ्यांचे पैसे फेडले. ते त्याला कळवायला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

"मानूस खोटा नव्हता," ती म्हणाली. "लाजला."

तिला आधार देत मी घरातून थेट मागच्या पडवीत गेलो, आणि एरंडाच्या वईआडचं ते मागीलदार मी पहिल्यांदा पाहिलं. वळचणीपर्यंत फाटी रचलेली होती. एकट्या म्हातारीला दोन पावसाळे पुरतील, किंवा दोन माणसांना एक. मागचं दार अर्धं उघडं होतं. त्याला कडी नव्हती. काढून टाकलेल्या कडीची भोकं तेवढी चौकटीत होती.

आत्या पाटावर टेकली आणि माझ्याकडे बघून मिस्कील हसली.

"बगितलंस ना माझं मागीलदार? मग बोल. ठेवशील पैसे माज्याकडं?"

मी बोलघेवडा माणूस. मी नुसता वाकून तिला नमस्कार केला. जायला निघालो आणि सवयीने माझा हात मागचं दार लोटायला गेला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "वारा येतो."

त्या दुपारी महाडात पानसुद्धा हलत नव्हतं. मी दार होतं तेवढंच उघडं ठेवलं, आणि माझ्या घराची जवळची वाट त्या वईपलीकडूनच असूनही, घरातून मागे फिरून पुढच्या दाराने बाहेर पडलो.