सरळ केलेला चष्मा

रविवारी दुपारी तीन वाजता फिटरकाका स्वतःच्याच चष्म्यावर बसले. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. काय झालं ते बघायला यायचीसुद्धा बायकोला गरज वाटली नाही.

"बसलात?"

"बसलो. फुटला नाहीये. वाकलाय फक्त."

पाच वाजता इमारतीची सभा होती. जिन्याखालचं काकांचं कामाचं टेबल हटवावं, असा ठराव अध्यक्षांनी मांडला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून काका रोज सहा-सहा तास त्या टेबलाशी असायचे. कुणाचं कुलूप, कुणाची कात्री, कुणाचा पंखा, सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. ते टेबलच गेलं तर माणसाने दिवसभर करायचं काय? बायकोच्या कामात नाक खुपसायचं? तिलाही ते झेपलं नसतं. म्हणून काकांनी चार पानी निवेदन लिहून काढलं होतं आणि आता चष्म्याशिवाय त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"वर जा ना. त्याचं दोन मिनिटांचं काम," बायको म्हणाली.

गोम तिथेच होती. वरच्या मजल्यावरचे अध्यक्ष धंद्याने चष्मेवाले होते. हा चष्माही त्यांच्याच दुकानातला, टेबलावरून भांडण व्हायच्या आधीचा.

"त्याच्या दारात जाऊ? आज? अगं, चाळीस वर्षं केसाएवढा फरक बोटाने ओळखलाय मी. एक चष्मा सरळ करायला मला त्याची मिनतवारी करायला सांगतेस?"

काकांनी कपाटातून पातळी बघायची पाणसळ काढली, जेवणाच्या टेबलावर चष्मा ठेवला आणि चष्म्यावर पाणसळ. बुडबुडा उजवीकडे पळाला. पण टेबलच वाकडं असेल तर? मोजलं, तर खरंच वाकडं निघालं. मग पायाखाली पुठ्ठा आला. मग काड्या गरम पाण्यात धरून मऊ करणं आलं, पक्कडीला बायकोचं चांगलं फडकं गुंडाळणं आलं, त्यावरून बोलणी खाणं आलं. पावणेपाचला बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"बघ! कारखान्यात याच्यासाठी बक्षीस दिलं असतं मला!"

काकांनी चष्मा चढवला. डावी काच भुवईवर गेली, उजवी गालावर आली.

"आरसा वाकडाय," काका म्हणाले आणि आरशाला पाणसळ लावली. आरसा बिचारा सरळ होता.

"आरसा नाही हो, तुमचे कान. डावा वर आहे, उजवा खाली."

"कधीपासून?"

"लग्नात तरी असेच होते."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तो चष्मेवाला कान बघून तेवढ्या हिशोबाने वाकडा करून द्यायचा."

दुसऱ्या कुणी इथे हात टेकले असते. काकांनी निवेदन खिशात घातलं. "माझे कान चुकले असतील. चष्मा बरोबर आहे. असाच जाणार!"

सभा तळमजल्यावर, त्या टेबलाच्या शेजारीच भरली. काका वाचायला उभे राहिले. चष्मा दुहेरी काचांचा, वरून लांबचं दिसायचं, खालून जवळचं. आता डाव्या डोळ्यासमोर खालची काच आलेली आणि उजव्यासमोर वरची. एका डोळ्याला अक्षरं दिसत होती, दुसऱ्याला नुसतं धुकं.

"मुद्दा पहिला. अ... अध... अ..."

अध्यक्षांचं ऐकण्यात लक्षच नव्हतं. ते खुर्चीत चुळबुळत होते आणि चष्मा सरळ दिसावा म्हणून स्वतःची मान तिरकी करत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"काका, आधी तो चष्मा काढा."

"का? सभेत चष्म्याला बंदी आहे?"

"अहो, माझ्या दुकानातला आहे तो! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कुणी विचारलं तर तुमचा पत्ताही देईन. उद्यापासून सगळीकडे हाच घालून हिंडणार आहे!"

सभा हसली. अध्यक्ष लालबुंद झाले. "द्या इकडे!" म्हणत त्यांनी चष्मा ओढून घेतला. पण हत्यारं दुकानात आणि दुकान गावाच्या त्या टोकाला.

"बारीक चिमटा आहे का कुणाकडे?"

"दुसऱ्या खणात," काका म्हणाले. "दिव्याचं बटण उजवीकडे आहे."

अध्यक्ष टेबलाशी बसले. त्यांनी दिवा लावला, खण उघडला आणि दोन क्षण नुसते बघतच राहिले. सगळं तेल लावून, मापानुसार ओळीने मांडलेलं. "हा एवढासा पेचकस कुठे मिळाला तुम्हाला?"

"मिळत नाही. मी केलाय."

चिमटा आणि तो पेचकस घेऊन अध्यक्षांनी काकांचा चष्मा नीट केला. मग इकडेतिकडे बघत हळूच स्वतःचाही काढला आणि त्याचा ढिला स्क्रू आवळला. मागून कुणीतरी विचारलं, "अध्यक्ष, ठराव मताला टाकताय ना?"

"मागे घेतला," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "जरा उजेडातून बाजूला व्हा."

सभेला आलेल्या बायकोने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आता घरी चला म्हणून काकांची बाही ओढली. काकांनी चष्मा चढवला. दोन्ही काचा एका रेषेत बसल्या. त्यांनी खिशातली पानं पुन्हा काढून झटकली.

"मुद्दा पहिला," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "अध्यक्षांची मनमानी."

"अहो काका, ठराव मागे घेतला ना मी!"

"घेतलात, चांगलं केलंत. पण चार पानं तुमच्यावर लिहिलीयेत आणि आत्ता कुठे मला नीट दिसायला लागलंय. बसा."