कमल, क्रॉसिंग दे!

आमच्या भिंतीपलीकडचे राठोड काका रोज दिवेलागणीला ओरडतात, "कमल, क्रॉसिंग दे!" गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, घरात आगबिग लागली. आम्ही जुने लोक आपला चहा पीत राहतो.

काका तहसीलमधून रिटायर झाले आणि घरातली बैठकीची खोली त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेला देऊन टाकली. खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नाही बरं का. प्लायवूडवर दोन लाईनी, एक प्रवाशांची, एक मालगाडीची. मालगाडीच्या डब्यांत खरं खडेमीठ. "भाऊ, आम्ही बंजारे. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. मी काय कोळसा वाहू?" पाहुण्यांनी बसायचं कुठं, हे त्या घरात कोणी विचारायचं नाही.

या दोन लाईनी एका जागी एकमेकींना कापत जातात. तिथं बसवायची क्रॉसिंग निवडायला काकांनी जेवढा वेळ घेतला, तेवढा सून निवडायला घेतला नाही. काका दोन नमुने रुमालात बांधून माझ्याकडे आले आणि सोनारासारखे उलगडून बसले. एक प्लास्टिकची. लावली की झालं, पण तिच्या मध्यावर करंट नाही, त्यांचं छोटं इंजिन तिथंच बसकण मारणार. दुसरी अख्ख्या धातूची. तीत इंजिन अडत नाही, पण दोन्ही लाईनींचा करंट भिडला की शॉर्ट. म्हणून तिला एक बटन लागतं. ज्या गाडीला जायचं तिच्याकडे ते फिरवायचं, तोवर ती गाडी उभी.

"धातूचीच घेतो," काका म्हणाले. "दुसऱ्याची वाट ओलांडाची त इचारून ओलांडाची."

आणि ते बटन बसवलं कुठं? स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर! वायर दाराच्या चौकटीवरून नेली. मी म्हटलं, काका, डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणे, "तुमची काकू गाडी पाहाले बाहेर येत नाही न. म्हणते पोया जळतात." मग काका इकडून ओरडायचे आणि कमलकाकू तिकडून कणकेच्या हातानं बटन फिरवायच्या. कधी मुद्दाम फिरवायच्या नाहीत. "आधी चक्कीवरून दळण आना, मंग क्रॉसिंग!" मालगाडी मीठ घेऊन ताटकळत उभी आणि काका पिठाचा डबा घेऊन चक्कीवर. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काकांचं ओरडणं काही थांबलं नाही. ओरडायचं, जरा वाट पाहायची, मग गुडघे धरत उठून स्वतःच ओट्याकडे जायचं. मला तर ते ऐकवत नव्हतं.

दिवाळीला पुण्याहून पोरगा आला. बापाची ही उठबस पाहून त्यानं प्लास्टिकची क्रॉसिंग बसवून दिली, तिच्यावर अडणार नाही असं लांब इंजिनही आणलं. "बाबा, आता उठायचं कामच नाही." भला पोरगा. त्याचं तरी काय चुकलं?

तो गेला आणि भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप. मी काही दिवस कळ काढली, शेवटी चपला अडकवून गेलोच. गाडी गरगर फिरत होती आणि काका तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"काहून काका, असे काहून बसले?"

"चालूनच राह्यली भाऊ ते. थांबत नाही, इचारत नाही. मी आवाज देऊ त कायले देऊ?"

"काढा ती जुनी," मी म्हटलं. जुनी क्रॉसिंग त्यांनी काकूंच्या मसाल्याच्या डब्यात ठेवली होती, हळद लागलेली. ती पुसली. मी टॉर्चचा उजेड धरला, काकांनी वायरी जोडल्या. मालगाडी सुटली आणि क्रॉसिंगपाशी येऊन उभी राहिली, पहिल्यासारखी.

बटन फिरवायला मी उठलो. काकांनी हात धरून मला खाली बसवलं.

"कमल, क्रॉसिंग दे!"

कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "दळण आनून ठेवलं वं. आता त दे."